लंबकाची मागची बाजू

"चालू करून दाखव, मग ने. बंद घड्याळ मी आजवर कुणाच्या हातात दिलेलं नाही," बाबा म्हणाले.

थोरला स्टुलावर उभा होता, एक हात घड्याळाच्या पेटीखाली, दुसरा भिंतीतल्या खिळ्याशी. दोन्ही हात होते तिथेच थांबले. या घड्याळाबद्दल बाबा त्याच्याशी बत्तीस वर्षांत बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"मला नकोच आहे ते, बाबा. टेम्पो उद्या सकाळी येणार. नुसतं उतरवून बांधायचं म्हणून चढलोय. तुमच्याबरोबर ताईकडे जाऊ दे."

"माझ्याकडे एवढी भिंत कुठाय?" ताई खालून म्हणाली. ती जमिनीवर बसून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "बाबांची खाट बसावी म्हणून आमच्या ह्यांनी आधीच कपाट बाल्कनीत ढकललंय. घड्याळ तू ने दादा. तुझंच आहे."

"त्यांचं कसं?" वहिनी खिडकीशी पडदे काढत होती, तिथूनच म्हणाली. थोरल्याची बायको रुग्णालयात परिचारिका. तिचं बोलणं सुई टोचल्यासारखं, पटकन आत जाऊन पटकन बाहेर. "नापास झालेल्याचं असतं होय?"

बाबांनी ऐकलं असेल, नसेल. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला ही एक सोय असते. ते काठी टेकत आतल्या खोलीत गेले आणि आपल्या हत्यारांच्या पेटीशी बसले. ती मात्र ते कुणाला बांधू देत नव्हते.

"हे बघा," वहिनीने पडद्याची घडी घालता घालता विषय बदलला, "याही पडद्याला तळाशी वजनं नाहीत. आईंचं शिवण किती नेटकं, टाका मोजून घ्यावा असा. पण वजनं घालायला नेमक्या विसरायच्या. आमच्याकडे पाठवले तेही सगळे असेच. वारा आला की पडदा थेट चहात."

"विसरायची नाही ती," ताई म्हणाली, आणि हातातली बशी उगाचच दुसऱ्यांदा गुंडाळायला लागली.

आई जाऊन सात महिने झाले होते. गावातल्या निम्म्या खिडक्यांना तिने शिवलेले पडदे होते.

*

आता थोरल्याचं दुखणं काय, ते दुकानाच्या नियमात होतं. बाबा घड्याळजी, बाबांचे वडीलही घड्याळजी, आणि दुकानाचा नियम त्यांच्याही आधीचा. शिकाऊ माणसाने एक मोडकं घड्याळ एकट्याने उभं करायचं. पेटीच्या दाराला आतून पितळी पट्टी ठोकायची, तिच्यावर आपली खूण कोरायची. मग ते घड्याळ उस्तादाच्या घरच्या भिंतीवर वर्षभर चालायचं. त्या वर्षात उस्तादाने त्याला दुरुस्तीचा हात लावायचा नाही. फक्त दर रविवारी सकाळी रेडिओच्या ठोक्यांशी काटे ताडून पाहायचे, चूक दाराच्या आत पेन्सिलीने लिहायची आणि काटे बरोबर करायचे. शिकाऊनेही चालत्या घड्याळाचा लंबक काढायचा नाही. वेग सांभाळायचा तो लंबकाखालच्या नटाने. नट वर फिरवला की लंबकाची थाळी वर सरकते आणि घड्याळ पळतं. खाली फिरवला की रेंगाळतं. वर्षभर चूक आठवड्याला एका मिनिटाच्या आत राहिली, तर उस्ताद शिकाऊच्या खुणेशेजारी आपली खूण कोरतो. त्या दिवसापासून तो घड्याळजी.

थोरल्याची खूण, एक छोटा त्रिकोण, पट्टीवर अजून होती. शेजारची जागा कोरी होती.

बाबांनी पाचव्या महिन्यातच लंबक हाताने थांबवला होता. म्हणाले होते, "मागे पडणारं घड्याळ सुधारता येतं. लहरी घड्याळ सुधारता येत नाही. तो हाताचा दोष." आणि खरंच, दारावरचे बाबांचे आकडे लहरी होते. पहिले तीन रविवार शून्य. मग एकदम बारा मिनिटं मागे, आणि तेच महिनाभर. थोरल्याने नट अडीच फेरे वर घेतला, तर पुढच्या रविवारी शून्य, आणि त्यापुढच्या रविवारी पुन्हा बारा, पुन्हा महिनाभर. पुन्हा अडीच फेरे. पुन्हा शून्य, पुन्हा बारा. तेवीस वर्षांचा मुलगा रात्र रात्र उताणा पडून त्या टिकटिकीत आपली चूक शोधायचा. शेवटी तो एका परगावच्या विमा कचेरीत कारकून झाला, आणि आता त्याच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. इतक्या वर्षांत त्याने हातातलं घड्याळसुद्धा कधी स्वतः उघडलं नाही. सेल बदलायला दुकानात द्यायचा.

"काढताय ना?" वहिनी म्हणाली. "हात भरून येतील."

भिंतीवरचं घड्याळ हलवायचं तर आधी लंबक काढावा लागतो, नाहीतर वाटेत हेलकाव्याने तो लटकतो ती वरची पातळ पट्टी तुटते. थोरल्याने दार उघडलं. आतून तेलाचा वास आला. ताजा. त्याने बोट लावून पाहिलं. बंद पडलेल्या घड्याळाच्या चाकांना कुणीतरी वर्षानुवर्षं तेल घालत आलं होतं, आणि या घरात तेलाची कुपी एकाच माणसाकडे होती.

दोन बोटांत दांडी धरून त्याने लंबक आकड्यातून सोडवला आणि खाली उतरला. थाळी पुसायला म्हणून उलटी केली.

मागच्या बाजूला, अगदी खालच्या कडेला, मेणात बसवलेल्या शिशाच्या तीन चकत्या होत्या. पैशाएवढ्या, करड्या, मधोमध दोन-दोन भोकं. शिवून टाकायला असतात तशी.

थोरला बराच वेळ बघत राहिला. दोरखंडाचं बंडल घेऊन धाकटा भाऊ आत आला तेव्हाही तो तसाच, लंबक तान्ह्या मुलासारखा आडवा धरून बसलेला.

"काय रे दादा, झोपला का काय?" धाकट्याने विचारलं.

"हे काय आहे?" थोरल्याने विचारलं. कुणा एकाला नाही.

वहिनीने वाकून पाहिलं. मग हातातल्या पडद्याची खालची दुमड चाचपली, जिथे काहीच नव्हतं. "ही तर पडद्याची वजनं," ती हळू म्हणाली.

*

ताईला वाटलं होतं की हा क्षण आला की आपण रडू. रडू आलं नाही.

"आईने लावली," ती म्हणाली. "मी दिवा धरला होता."

"कशासाठी?"

ताईने धाकट्याकडे पाहिलं, आणि तो पन्नाशीजवळचा, पोट सुटलेला माणूस दोरखंड छातीशी धरून सतरा वर्षांचा दिसायला लागला.

"याच्यासाठी," ती म्हणाली. "शनिवारसाठी."

मग तिने सांगितलं. संध्याकाळी आठचे टोले पडायला लागले की बाबा उठायचे. आठव्या टोल्याला दाराला आतून कडी. मग प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर बाबांचं निरूपण. बाबा सूर धरून गात गात सांगायचे, मध्येच थांबून डोळे मिटायचे, आणि त्यांच्या गोष्टीत देव नेहमी कुणाची तरी वाट बघत उभा असायचा. जो आठव्या टोल्यानंतर आला, तो पायरीवर. निरूपण संपेपर्यंत कडी निघायची नाही. धाकटा छापखान्यात लागला आणि शनिवारी साप्ताहिकाचे गठ्ठे बांधून, शाई धुऊन, धावत यायचा तरी आठ वाजून आठ-दहा मिनिटं व्हायची. पहिल्या शनिवारी तो पायरीवर बसला, तेव्हा आई आत प्रार्थनेचा एक शब्दही म्हणाली नाही.

"तुम्हाला आठवतं ना, बाबा एकदा जेवताना सांगत होते," ताई म्हणाली, "लंबकाचं माणसासारखं असतं, पायात ओझं घाला, चाल मंदावते. सगळे हसले. आई हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने शिवणाच्या डब्यातून एक चकती काढली, दोरा ओढायचं मेण काढलं. खुंटीवरची घड्याळाच्या पेटीची किल्ली घेतली. म्हणाली, रविवारी काटे बरोबर होतात, शनिवारपर्यंत दहा-बारा मिनिटं मागे पडेल, तेवढ्यात माझं लेकरू घरात येईल."

"आणि मी नट वर घेतला की..."

"की त्या शनिवारी हा पुन्हा पायरीवर. मग तिने दुसरी लावली. मग तिसरी."

"वन्सं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, वॉर्डात वाईट बातमी द्यायला वापरायची तसा. "यांची परीक्षा चालली होती. तुम्ही दिवा धरून उभ्या होतात."

"आम्हाला परीक्षेचं माहीतच नव्हतं वहिनी. दुकानातल्या शिकवणीचं घरात बोलायचं नाही, हाही नियमच होता. दादाने घड्याळ उभं केलं एवढंच ठाऊक. बाबा दारावर आकडे लिहायचे, आम्हाला वाटायचं हौस."

"मग कळलं कधी?"

कपबशांच्या खोक्यात ताईने हात घातला आणि काही न काढता बाहेर घेतला.

"दादा गेल्यावर. पाचव्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले, एका घड्याळात नापास झाला, मन लावलं नाही. आईने ताट सरकवलं. तीन दिवस ताप. चौथ्या दिवशी म्हणाली, चल, सांगून टाकते. आणि त्याच दिवशी तुझं पत्र आलं दादा, नोकरी लागली, बरं चाललंय, काळजी नको. ती पत्र हातात घेऊन बसली. म्हणाली, आता सांगितलं तर हा बापाला माफ करणार नाही, बाप मला करणार नाही, आणि धाकट्याला दोघंही करणार नाहीत. बरं चाललंय म्हणतोय ना तो, मग राहू दे. मला शपथ घातली. त्यानंतर कुठल्याच पडद्यात तिने वजन घातलं नाही."

"बरं चाललंय," थोरला म्हणाला. "ते मी तिला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं."

धाकटा भिंतीला टेकला. "आणि गंमत सांगू का दादा? तू जायच्या आधीच बाबांनी हे घड्याळ थांबवलं होतं. दुकानातून गजराचं आणून ठेवलं. ते एक सेकंद चुकायचं नाही. त्यापुढची सहा वर्षं, लग्न होऊन वेगळा होईपर्यंत, प्रत्येक शनिवारी मी पायरीवरच. बाबांची सगळी निरूपणं मला तोंडपाठ आहेत. सगळी दाराच्या फटीतून ऐकलेली." तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. "म्हणजे तू गेलास तो कशासाठी, तर माझ्या चार-पाच महिन्यांच्या शनिवारांसाठी. मला आईने एकदाही सांगितलं नाही रे. मी आपला समजायचो, हल्ली मी जोरात चालतो."

वहिनीला त्याचा राग यायला हवा होता. ती सकाळपासून या माणसावर चिडलेली, कारण आवराआवरीलाही तो दोन तास उशिराच आला होता. पण तिने त्याच्या हातातला दोरखंड काढून घेतला आणि त्याच्यासमोर स्टूल सरकवलं. राग फिरून ताईवर आला. "सात महिने झाले त्यांना जाऊन. शपथ त्यांच्याबरोबर गेली असती वन्सं."

"गेली नाही," ताई म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते खरं आहे, पण गेली नाही."

"मी टेम्पोवाल्याकडे जाऊन येतो," धाकटा एकाएकी म्हणाला. "सकाळी सहा म्हणालाय का सात, नक्की करतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत तो बाहेर पडला. फोन त्याच्या पिशवीत होता, त्यात टेम्पोवाल्याचा नंबरही होता. सगळ्यांना ते माहीत होतं.

आतल्या खोलीच्या दारात काठी वाजली.

*

बाबांनी सगळं ऐकलं होतं. न ऐकण्याची सोय नेहमीच उपयोगी पडत नाही.

त्यांनी हात पुढे केला आणि थोरल्याने लंबक त्यांच्या हातात दिला. त्यांना आता बारीक दिसत नसे. पण अंगठा थाळीच्या मागून फिरला आणि पहिल्या चकतीवर आला, दुसरीवर, तिसरीवर. मेण दगडासारखं झालं होतं. त्यात बोटाचा ठसा होता, लहान, शिवणाऱ्या बाईच्या बोटाचा. बाबांचा अंगठा त्या ठशाशी थांबला.

साठ वर्षं त्यांनी दुसऱ्यांची घड्याळं उघडली. गिऱ्हाईक म्हणायचं, मागे पडतंय, आणि ते पहिल्यांदा काय करायचे, तर लंबक काढून उलटा करायचे. धूळ, कोळिष्टक, कुणी चिकटवलेलं काही. शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे ते हेच. आपल्या घरच्या घड्याळाला मात्र हात लावला नाही, कारण नियम. आणि नंतर बत्तीस वर्षं चोरून तेल घातलं, तेव्हा नियम मोडलाच होता की. तेवढा मोडला होता तर लंबक उलटा करायला काय हरकत होती? पण तेव्हा ते चूक शोधत नव्हते. चूक त्यांना सापडलेली होती. चूक पोराच्या हातात होती, असं त्यांचं ठरलेलं होतं.

"तुमच्या आईला हे मला सांगता आलं नसतं?" त्यांनी विचारलं. "नुसतं म्हणायचं, शनिवारी दहा मिनिटं थांबा."

ताई म्हणाली, "म्हणाली होती बाबा. पहिल्या शनिवारीच. तुम्ही म्हणालात, देवाची वेळ कुणासाठी थांबत नाही."

बाबांनी मान हलवली. आठवलं म्हणून, का नाही आठवत म्हणून, ते ताईला कळलं नाही.

"देवाची कुठली," ते म्हणाले. "कडी माझी होती."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांनी लंबक थोरल्याकडे परत दिला. आता त्यांचा आवाज दुकानातला झाला होता.

"मेण गरम चमच्याने सोडव. खरवडू नकोस, पितळेला ओरखडा जाईल. नट किती वर घेतला होतास?"

"अडीच फेरे. दोनदा."

"म्हणजे पाच. पाच खाली घे."

थोरल्याला कळलं. चकत्या काढायच्या, पाच फेरे उलटे घ्यायचे, म्हणजे लंबक पहिल्या दिवशी होता तिथे येणार. पहिल्या तीन रविवारी बाबांनीच शून्य लिहिलं होतं तिथे. पुढची सगळी दुरुस्ती म्हणजे बरोबर असलेल्या घड्याळाला चुकवणं होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं.

वहिनीने स्वयंपाकघरातून चमचा तापवून आणला. चकत्या एकेक करून सुटल्या. थोरल्याने त्या खिशात टाकल्या, मग परत काढून टेबलावर ठेवल्या, मग पुन्हा खिशात टाकल्या. त्याने लंबक पुन्हा आकड्यात अडकवला, घड्याळाला किल्ली दिली आणि काटे पाचावर आणले. नट फिरवताना तो ओठांतल्या ओठांत मोजत होता आणि बाबा खाली खुर्चीत बसून बोटांवर मोजत होते. पाचवर दोघं एकदम थांबले.

वहिनीने छातीवरचं लटकतं घड्याळ सोडून हातात धरलं आणि तिने सांगितलेल्या क्षणी थोरल्याने लंबकाला बोटाने ढकललं. पाच वाजले होते. टिकटिक सुरू झाली. बाबांनी डोळे मिटून कान दिला, निरूपणात मिटायचे तसे.

"सारखी पडते आहे," ते म्हणाले. "लंगडत नाही. स्प्रिंग कुणी बसवली होती?"

"मीच."

"चांगली बसवलीस."

थोरल्याला हे वाक्य तेविसाव्या वर्षी हवं होतं. तेव्हा मिळालं असतं तर तो ते घेऊन धावत सुटला असता, साऱ्या गल्लीला सांगितलं असतं. आता त्याने ते ऐकलं आणि स्टुलावरून जपून खाली उतरला, कारण त्याचा गुडघा दुखत होता.

*

तीन तासांत घर खोक्यांत गेलं. ताई आणि वहिनी एका चादरीची दोन टोकं धरून घडी घालत होत्या, जवळ येत होत्या, लांब जात होत्या, आणि तिसऱ्या चादरीला वहिनी म्हणाली, "ती बाबांच्या औषधांची फाइल वरच्या खोक्यात ठेवलीय, नाहीतर शोधत बसाल." ताई "बरं" म्हणाली. तेवढंच.

साडेसातला बाबांनी हत्यारांची पेटी उघडली आणि कोरणी काढली. टोकदार, लाकडी मुठीची. थोरल्याला हाक मारली. "दार उघड त्याचं. आतली पट्टी दाखव."

"बाबा, राहू द्या."

"का?"

"वर्षभर चालवायचं असतं. नियम आहे. अडीच तास झालेत."

"वर्षभर मी असेन का रे?" बाबांनी सरळ विचारलं, गिऱ्हाइकाने दुरुस्तीचे दिवस विचारावेत तसं. "आणि तीन रविवार मी लिहिलेत. त्यापुढची चूक तुझी नाही. ये इकडे, माझा हात धर. मला ती जागा दिसत नाही."

थोरल्याने त्यांचं मनगट धरलं. ते इतकं हलकं झालं होतं की त्याला एकदम आईचं आठवलं. त्याने कोरणीचं टोक आपल्या त्रिकोणाशेजारच्या कोऱ्या जागी टेकवलं. बाबांची खूण म्हणजे एक वर्तुळ आणि मधोमध टिंब. वर्तुळ निघालं नाही. रेघ घसरली, आणि पट्टीवर एक वाकडी, उघडी राहिलेली कमान उमटली, दोन टोकं एकमेकांना न भेटलेली. टिंब मात्र बरोबर पडलं.

"मिटलं का?" बाबांनी विचारलं.

"मिटलं," थोरला म्हणाला.

बाबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. मग थोरल्याचा हात चाचपून त्यावर हात ठेवला. दोघांचीही बोटं तेलाने काळी झाली होती.

"तारीख?" त्यांनी विचारलं. "आजची घालू, का तेव्हाची?"

थोरल्याने विचार केला. तेव्हाची घातली तर मधली वर्षं कुठे ठेवायची?

"तारीख नको," तो म्हणाला.

आठला पाच कमी असताना ताईने सवयीने जमिनीवर सतरंजी अंथरली. या घरातली ही शेवटची प्रार्थना. आईची जागा भिंतीकडे असायची, तिथे कुणी बसलं नाही. धाकटा अजून आलेला नव्हता. ताईने फोन लावला, तो धाकट्याच्या पिशवीतच, खोक्यामागे वाजला.

"आमचा हा मनुष्य," ती म्हणाली.

वहिनीने रेडिओ लावला. बातम्यांआधीचे ठोके पडायला लागले. एक, दोन, तीन. थोरला घड्याळाकडे पाहत नव्हता, सतरंजीच्या विणीकडे पाहत होता. शेवटचा ठोका आणि घड्याळाचा पहिला टोला एकाच वेळी पडले, दोन माणसांनी एकच शब्द एकदम उच्चारावा तसे. वहिनीने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

दोन. तीन. बाबा काठीवर भार देऊन उठले. चार. पाच. सगळ्यांना वाटलं, सवय. ते दाराशी गेले. सहा. सात. कडीवर हात गेला.

आठव्या टोल्याला बाबांनी दार आत ओढलं, पूर्ण, भिंतीला टेकेपर्यंत, आणि ते पुन्हा लोटलं जाऊ नये म्हणून खाली आपली हत्यारांची पेटी सरकवली. मग खुर्ची मागितली आणि उंबऱ्याशी बसले. पायरी तिथून दिसत होती. मधोमध झिजून थोडी खोलगट झालेली.

"प्रार्थना, बाबा?" ताईने विचारलं.

"तो येऊ दे."

घड्याळ चालत राहिलं. आठ वाजून एक, आठ वाजून चार. कुणी काटे मागे घेतले नाहीत, कुणी लंबक धरला नाही. घड्याळ बरोबर होतं आणि दारही उघडं होतं. दोन्ही एकाच घरात, एकाच वेळी. एवढंच तर करायचं होतं. थोरल्याने खिशातल्या चकत्या मुठीत धरल्या आणि त्या मुठीत गरम होत गेल्या.

आठ वाजून अकरा मिनिटांनी कोपऱ्यावर धाकटा दिसला. धावत येत होता, नेहमीसारखा. उजेडात उघडं दार आणि त्यात बसलेला बाप बघून तो पायरीच्या अलीकडेच थांबला, धापा टाकत.

"बाबा, उशीर..." तो म्हणाला, आणि सवयीने पायरीवर बसायला वाकला.

"तिथे नाही," बाबा म्हणाले. "आत ये."